तुम्ही विचारलंत म्हणून: शी जिनपिंग एवढं कडक का बोलतात?

सोलापुरात भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक बघायला पाहुणे आले, की त्यांच्यासोबत बहुधा मलाच जावं लागतं. मी इतिहासाचा मास्तर ना! जुने फोटो बघून बाहेर पडताना प्रश्न ठरलेला: "सर, आपल्या सोलापूरच्या डॉक्टरनं चिनी लोकांसाठी जीव दिला आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग जगाला दरडावतात. कशासाठी?"

१ जुलै २०२१ चं त्यांचं भाषण आठवा. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाची शंभरी, बीजिंगचा तिआनमेन चौक, अंगात माओंच्या धाटणीचा राखाडी सूट. चीनला दमदाटी करू पाहणाऱ्यांची डोकी १४० कोटी लोकांच्या पोलादी भिंतीवर आपटून फुटतील, असं ते म्हणाले आणि चौकात एकच जल्लोष झाला. धमकी बाहेरच्यांना होती, पण ऐकणारे घरचे होते.

या पक्षाला लोकांपुढे मतं मागायला जावं लागत नाही. मग राज्य कोणत्या हक्कानं करायचं? एक, आम्ही पोटाला दिलं. दुसरं, आम्ही देशाची बेअब्रू थांबवली. ही बेअब्रू बनावट नाही बरं का. १८३९ ते ४२ च्या ब्रिटनबरोबरच्या अफूच्या युद्धानंतर हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. चीनच्या माथी मारलेल्या अफूत माळव्याची अफूही होती, आणि ती आपल्या मुंबई बंदरातून जायची. १९३७ मध्ये जपान चालून आला. पुढच्याच वर्षी आपल्या काँग्रेसनं चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले, त्यात कोटणीस होते. १९४२ मध्ये ते तिथेच वारले, वय अवघं ३२.

१९८९ मध्ये तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडल्यानंतर हा अपमानाचा इतिहास शाळाशाळांतून जास्तच घोटून घेतला गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पक्षाचे सरचिटणीस झाल्यावर शी लगेच सहकाऱ्यांना घेऊन याच इतिहासाचं प्रदर्शन बघायला गेले. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारनं काही महिने आकडेच देणं थांबवलं. म्हणून बेकारीवरून लक्ष उडवायला हा आवाज, असं काही जण म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. बेकारीचा हा आकडा येण्याच्या कितीतरी आधीपासून सूर कडकच आहे. माणूस हे मनापासून मानतो, असंच माझं मत आहे, आणि ते पक्षाच्या सोयीचंही आहे.

पण आपल्याशी वागताना बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये शींनी दिल्लीत कोटणीसांच्या भगिनी मनोरमाताईंची भेट घेतली, त्यांचा सन्मान केला. त्याच दिवसांत लडाखमध्ये चुमारला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. १५ जून २०२० ला लडाखमध्येच गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. त्यांचेही गेले होते, पण चार मृत्यू कबूल करायला बीजिंगला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. पोलादी भिंतीची भाषा करणारे आठ महिने गप्प का बसले? मला दिसतं ते असं: आपली माणसं मेली हे कळलं असतं, तर चौकातल्या त्याच गर्दीनं बदला मागितला असता, आणि मग माघार घेणं शींच्या हातात राहिलं नसतं. लोकांना चेतवून ठेवलं की ते आपल्यालाही बांधून टाकतात, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

म्हणून पाहुण्यांना मी सांगतो, तैवानवरची, अमेरिकेवरची भाषणं जरूर ऐका, पण लडाखमध्ये काय चाललंय ते त्या भाषणांत शोधू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या गस्तीचा समझोता झाला, तोही चढ्या आवाजातल्या कुठल्या भाषणातून झाला नाही. दोन्हीकडचे अधिकारी कित्येक महिने बंद खोलीत बसले होते, तेव्हा झाला.