आमची वाटचाल : गठ्ठा काउंटरवरच

मी मूळची कोल्हापूरची. पुण्यातल्या एका स्टुडिओत सहा वर्षं परदेशी अ‍ॅनिमेशन मालिकांचं इनबिट्वीन आणि क्लीनअप (कच्च्या रेषा स्वच्छ करणं) केलं. हालचालीची मुख्य चित्रं तिकडचे अ‍ॅनिमेटर काढायचे, मधली आम्ही भरायचो. हात तिथेच बसला. २०१७ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला आलो. आर्डमनचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ १९७६ पासून या शहरात आहे, त्यामुळे 'अ‍ॅनिमेशन म्हणजे नक्की काय करता?' हा प्रश्न इथे मला कुणी विचारला नाही. त्याचं अप्रूप अजून आहे.

माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून होता. त्यावर नोकरीही करता येत होती आणि स्वतःचा धंदाही. ज्याच्या नावावर नोकरीचा व्हिसा असतो, त्याला एवढी मोकळीक नसते. परदेशात फ्रीलान्स करायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी व्हिसाच्या अटी वाचायला सांगते, पोर्टफोलिओचं नंतर बघू.

२०१८ मध्ये १२ पौंड भरून ऑनलाइन कंपनी नोंदवली. एक पौंडाचा एक शेअर, संचालक मी एकटी. कॉर्पोरेशन टॅक्स, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरचा कर, तेव्हा १९ टक्के होता आणि तो हिशेबाचं वर्ष संपल्यावर नऊ महिने एक दिवसाने भरायचा असतो. मुदत लांब असल्यामुळे खात्यातले सगळे पैसे आपलेच वाटू लागतात. म्हणून पहिल्या बिलापासून पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकत आले.

दुसऱ्या वर्षी एका स्टुडिओसाठी ४० सेकंदांची फिल्म केली. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं आणि एकूण ४८०. सगळी हाताने. बिल ६,४०० पौंडांचं. फिल्म झळकली, लोकांनी वाखाणली, पैसे मात्र आले नाहीत. मुदतीचे ३० दिवस गेले, त्यावर आणखी ९० गेले. दर आठवड्याला मी नम्र ईमेल पाठवायचे आणि तितकंच नम्र उत्तर यायचं. रात्री झोप लागत नसे. त्या चित्रांत माझे अडीच महिने होते.

कोल्हापुरात बाबांचा छापखाना होता. लग्नपत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधून काउंटरवर ठेवलेला असायचा, आणि बाकी मिळाल्याशिवाय तो हलायचा नाही. पाहुण्यातलं गिऱ्हाईक असलं तरी नाही. फोनवर बाबांना सगळं सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "मग तू माल सोडलासच कसा?"

फाइल तर केव्हाच गेली होती. पण इथे उशिरा मिळणाऱ्या देण्यांसाठी १९९८ चा कायदा आहे. धंद्यातलं देणं थकलं तर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं. तेव्हा ते ८.७५ टक्के होत होतं, म्हणजे दिवसाला साधारण दीड पौंड. शिवाय या रकमेच्या देण्यावर ७० पौंड भरपाई. वकील न करता मी कंपनीच्या लेटरहेडवर एक पानी पत्र लिहिलं, खाली हिशेब मांडला. तेराव्या दिवशी व्याजासकट पैसे जमा झाले. त्या स्टुडिओचं काम मला पुन्हा मिळालं नाही, आणि ते मी मागितलंही नाही.

त्यानंतर करारात एक कलम घातलं. ब्रिटनमध्ये नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा असतो. बाहेरून काम करून देणाऱ्याचा मात्र लेखी सही करून दिल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नाही. माझ्या करारात आता लिहिलेलं असतं, की शेवटचं बिल पूर्ण चुकतं झाल्यावरच हक्क आणि वापराची परवानगी मिळेल. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीचे पैसे वेगळे. फाइल गेली तरी गठ्ठा काउंटरवरच राहतो. हे कलम वाचून आजवर एकच गिऱ्हाईक मागे फिरलं.

मार्च २०२० मध्ये कॅमेऱ्याची शूटिंगं थांबली आणि अ‍ॅनिमेशनला मागणी आली. सुरुवातीचे दोन महिने कठीणच होते, कारण स्वयंरोजगारवाल्यांची सरकारी मदत आमच्यासारख्या कंपनी-संचालकांना लागू नव्हती. कंपनीच्या नफ्यातून मिळणारा डिव्हिडंडही त्यात धरत नव्हते. पुढे एप्रिल २०२१ पासून, कंपनीमार्फत येणारा माणूस खरं तर नोकरासारखाच आहे का, हे मोठ्या आणि मध्यम गिऱ्हाइकांनी ठरवायचं, असा नियम खाजगी क्षेत्रातही आला. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी पगारी पद्धतीने या म्हटलं. मला पूर्ण फिल्म ठरलेल्या किमतीत करून द्यायची होती, म्हणून मी छोट्या स्टुडिओंकडे वळले. त्यात कमाई कमी झाली, पण कामाची वेळ आणि पद्धत माझ्या हातात राहिली.

आता कोल्हापुरातल्या दोन मुली माझ्यासाठी इनबिट्वीन करतात. उन्हाळ्यात मी इथे सकाळी नऊला बसते, तेव्हा तिकडे दुपारचा दीड वाजलेला असतो आणि त्यांची सकाळची चित्रं माझ्या फोल्डरमध्ये आलेली असतात. धाकटीची रेषा माझ्याहून सरस आहे. पुढच्या फिल्मची मुख्य चित्रं तिलाच देणार आहे. दोघींच्या करारात तेच कलम आहे, त्यांच्या बाजूने. बिल आल्यापासून सात दिवसांत मी पैसे पाठवते.