लेकीचं लघवीचं इन्फेक्शन, माझा अनुभव

लेक नऊ महिन्यांची होती तेव्हापासूनची गोष्ट आहे, जरा मोठं होईल पण सगळं लिहिते कारण तेव्हा मी रात्र रात्र मोबाईलवर हेच शोधत बसायचे आणि मराठीत काही सापडायचं नाही.

एप्रिल महिना, आम्ही कराडला राहतो, ऊन मरणाचं. लेकीला एकदम १०३ ताप. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, फक्त ताप आणि दूध ओढेना, दोनदा उलटी केली. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, घसा लाल आहे म्हणाले, ॲंटिबायोटिकचं सिरप दिलं, चार दिवसांत ताप गेला. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, अगं ही शू करताना कळवळते आणि शूला वास येतोय, हिला उन्हाळी लागलीय, धन्याजिऱ्याचं पाणी दे चमच्याने. मी दिलं, पण डॉक्टरांना हे सांगायचं सुचलंच नाही, म्हटलं उन्हाळ्यात होतंच. आता वाटतं लघवीकडे पहिलं बोट त्यांनीच दाखवलं होतं, ते मी डॉक्टरांपर्यंत पोचवायला हवं होतं.

बाराव्या दिवशी परत १०३. यावेळी लघवी तपासायला सांगितली. लॅबवाल्याने चिकटवायची पिशवी दिली, ती लावून दोन तास बसलो, मधे तिने शी केली, पुसून परत तीच पिशवी लावली (हे करायचं नसतं हे कुणी सांगितलंच नव्हतं). कल्चरचा (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात तो) रिपोर्ट यायला तीन दिवस, आणि आला तर काय, दोन तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढलेत, सॅम्पल परत द्या. ते तीन दिवस ताप चढतोय उतरतोय, नुसतं पॅरासिटामॉल चालू.

मग आम्ही मुलांच्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधीचे कागद बघितले आणि पहिलं वाक्य हे की आत्ता आधी लघवी घेऊ, ॲंटिबायोटिक त्यानंतरच, कारण औषधाचा एक डोस जरी पोटात गेला तरी कल्चरमध्ये जंतू उगवतीलच असं नाही आणि मग कुठलं औषध लागू पडेल तेच कळत नाही. पिशवीचं सॅम्पल स्वच्छ आलं तर ते धरता येतं म्हणे, पण त्यात जंतू आले तर ते कातडीवरचे की आतले हे सांगता येत नाही. लेक इतकी मलूल होती की वाट बघण्यात अर्थ नव्हता, बारीक नळी घालून लघवी काढली. ती किंचाळत होती आणि मी तिचे पाय धरून रडत होते, पण दोन मिनिटांत झालं. लगेच सलाईन लावून इंजेक्शन सुरू.

दोन दिवस झाले तरी ताप हलेना. मग रिपोर्ट आला, ई. कोलाय नावाचा जंतू, एक लाखाच्या वर कॉलनी, आणि जे इंजेक्शन चालू होतं त्यालाच तो दाद देत नव्हता! बदलून ॲमिकॅसिन दिलं आणि दीड दिवसात ताप शून्य. खाली औषधांच्या नावांची मोठी यादी असते, पुढे एस आणि आर लिहिलेलं, एस म्हणजे लागू पडतं आणि आर म्हणजे नाही, ती यादी मी पाठ केली होती अक्षरशः. सगळी मिळून दहा दिवस इंजेक्शनं झाली, शेवटचे पाच दिवस हाताला सुई तशीच ठेवून घरून रोज ये जा केली. ॲमिकॅसिन चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते कळायला) पण तपासत होते, ते ठीक आलं.

सोनोग्राफीत उजवी किडनी थोडी फुगलेली दिसली म्हणून महिन्याभराने एमसीयू सांगितलं. याची मला सगळ्यात जास्त भीती होती म्हणून नीट सांगते. शूच्या जागेतून नळी घालून मूत्राशयात औषध भरतात जे एक्सरेत पांढरं दिसतं, आणि मूल शू करतं तेव्हा फोटो काढतात. आईला आत थांबू देतात, अंगावर जड ॲप्रन देतात, आधी प्रेग्नंट नाही ना हे विचारतात. लेक रडली, पण वेळ वीस मिनिटं वगैरे. स्क्रीनवर मी बघितलं, तिने शू केली आणि ते पांढरं खाली जायच्या ऐवजी एक दोरी वर उजव्या किडनीपर्यंत चढत गेली. व्हीयूआर, उजव्या बाजूला, ग्रेड ३. पाचापैकी तीन. किडनीकडून येणारी नळी मूत्राशयाला जिथे मिळते तिथली झडप जन्मापासूनच सैल, त्यामुळे लघवी उलटी वर जाते आणि सोबत जंतू पण.

तोपर्यंत मला नातेवाईकांनी डायपरवरून इतकं ऐकवलं होतं की मी खरंच स्वतःला दोष देत होते. मॅडमना विचारलं तेव्हा म्हणाल्या, डायपर वेळेवर बदला, पुढून मागे पुसा, पण ही झडप तुमच्यामुळे सैल झालेली नाही. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी.

पुढचं सगळं चिकाटीचं काम. रोज रात्री झोपताना सिरपचा छोटा डोस, इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून. बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं आणि लघवी पूर्ण होत नाही. पपई, मनुकांचं पाणी, अगदीच अडलं तर औषध. आणि कधीही ताप आला की औषधाआधी लघवी. सिस्टरनी शिकवलं, दूध पाजून पंधरा वीस मिनिटांनी जागा पाण्याने धुवायची, एकाने काखेत धरायचं आणि दुसऱ्याने गार पाण्यात भिजवलेला बोळा ओटीपोटावर गोल गोल फिरवायचा, लहान बाळं बऱ्याचदा काही मिनिटांत शू करतात, पहिली धार सोडून मधली निर्जंतुक डबीत धरायची. डबी लगेच लॅबमध्ये द्यायची, वेळ लागणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवायची. एका रविवारी लॅब बंद होती तर नवरा बर्फाच्या डब्यात डबी घेऊन साताऱ्याला गेला होता. त्यावेळी खरंच इन्फेक्शन निघालं, पण पहिल्याच दिवशी सापडल्याने तोंडावाटे औषधावर भागलं.

ऑक्टोबरमध्ये पुण्याला डीएमएसए स्कॅन केला. तो इन्फेक्शननंतर काही महिने थांबून करतात म्हणजे किडनीवर कायमचा डाग राहिलाय का ते कळतं. पहाटे निघालो, हातात इंजेक्शन, मग दोन तीन तास थांबायचं, नंतर मशीनखाली स्थिर झोपवायचं. दूध पाजून झोपवली म्हणून गुंगीचं औषध लागलं नाही. उजव्या किडनीत वरच्या टोकाला छोटा डाग आहे, काम उजवीचं ४२ टक्के आणि डावीचं ५८. तो डाग त्या वाया गेलेल्या दिवसांत पडला की काय हा विचार माझ्या मनातून जात नाही, मॅडम म्हणतात तसं सांगता येत नाही.

आता ती दोन वर्षांची आहे. मॅडम दर भेटीत तिचं बीपी बघतात, वजन उंची मांडतात. ऑपरेशन सध्या नको म्हणाल्यात, बऱ्याच मुलांमध्ये वयाबरोबर हे कमी होतं. गेल्या आठवड्यात परत ताप आला, आता ती पॉटीवर बसते त्यामुळे डबी धरणं सोपं झालंय, कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. यावेळी खरंच घसा होता.