तीन चाकांची कामून घेतली?

सकाळी नातीला तीन चाकी बाबागाडीत घेऊन फिरायला निघालो की आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी थांबवतंच. बहुतेक नवे आईबाप असतात. आधी गाडीकडं बघतात, मग लेकराकडं, सगळ्यात शेवटी माझ्याकडं. "काका, तीन चाकांची कामून घेतली? पलटत नाही का?" मागच्या आठवड्यात कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर एका पोरीनं मोबाईलमध्ये सात बाबागाड्या दाखवल्या आणि म्हणाली, यातली कोणती घेऊ तेवढं सांगा. सातवा-आठवा महिना असेल तिला, ऊन वर येत होतं, उभ्या उभ्या काय सांगणार? तुम्ही सगळेच हे विचारता म्हणून आता नीट बसून लिहितो.

मी परभणीचा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून ३१ वर्षं काढली. त्यामुळं गाडी म्हटली की माझी नजर आधी खाली जाते. दुकानात सून टपाचं कापड बघत होती, दुकानदार गादी दाबून दाखवत होता, आणि मी फरशीवर उकिडवा बसून चाकं फिरवत होतो. चाक हातानं फिरवून सोडलं तर न कुरकुरता फिरत राहिलं पाहिजे, आणि धरून आडवं हलवलं तर खडखडायला नको. एवढं बघायला मेकॅनिक असावं लागत नाही, फक्त लाज सोडावी लागते.

तीन चाकांचं मर्म आपल्या तीन दगडांच्या चुलीत आहे. रानात कसल्याही उंचसखल जागेवर तीन दगड मांडा, वर पातेलं ठेवा, डुगडुगणार नाही. चौथा दगड आला की कुठंतरी कपची सारावी लागते. चार चाकांच्या हलक्या गाडीचं तेच होतं. खड्ड्यापाशी एक चाक अधांतरी राहतं. त्यात तिची चाकं चहाच्या बशीएवढी. आमच्या गल्लीत नळाच्या लाईनसाठी रस्ता खोदला आणि वर मुरूम लोटून दिला. त्या मुरमात बशीएवढं चाक रुतलं की गाडी जागच्या जागी थबकते आणि लेकरू पुढं हिंदकळतं. आमच्या तीन चाकीचं बारा इंची चाक त्यावरून निघून जातं. पावसाळ्याचं तर विचारूच नका. आपली काळी माती एकदा धरली की सोडत नाही, आणि जोडचाकं असली की दोन चाकांच्या मधी चिखलाचा लाडू बसतो. मग बसा काडीनं खरवडत.

आता पलटण्याचं. शंका बरोबर आहे, कारण पलटलेला ऑटो आपण सगळ्यांनी बघितलेला आहे. पुढं एकच चाक असलं की पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना खाली आधार नसतो. वेगात वळवली, किंवा लेकरू पुढून एका अंगाला ओणवलं, की गाडी त्या कोपऱ्यावर कलते. म्हणून मागची दोन चाकं एकमेकांपासून लांब हवीत आणि बैठक खाली हवी. दुकानात रिकामी गाडी ढकलून काही कळत नाही. बैठकीत आपली भरलेली पिशवी ठेवा, गाडी झटक्यानं वळवून बघा, मग पुढच्या कोपऱ्यावर तळहातानं दाबा. मागचं चाक लगेच उचललं तर ती गाडी तिथंच सोडा. अर्थात मागून रुंद म्हणजे दारात अडकणार, तेव्हा निघतानाच घराच्या फाटकाची रुंदी टेपनं मोजून घेऊन जा. मी मोजली नव्हती. आमच्या फाटकाचं एक दार उघडून गाडी निघत नाही, रोज सकाळी दोन्ही उघडावी लागतात, आणि त्या आवाजानं शेजारचं कुत्रं सगळ्या गल्लीला उठवतं.

मागं पलटते त्याचं मात्र कुणी विचारत नाही. आमची पलटली. मंडईतून येताना मी हँडलला अडीच किलो कांद्याची पिशवी अडकवली. नात बसली होती तोवर गाडी गुमान उभी होती. दारात तिला उचललं आणि गाडी पाठीवर आडवी. कांदे गटारापर्यंत गेले. आमची ही दारातून म्हणाली, "लेकरू आत असतं तर?" लेकरू आत असतं तर पलटली नसती, हे शास्त्र त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता. ओझं खालच्या जाळीत ठेवावं, हँडलला काही टांगू नये.

पुढच्या चाकाला खटका असतो तो बघून घ्या. मोकळा केला की चाक हवं तिकडं वळतं आणि गाडी एका हातानं चालते. लावला की चाक सरळ राहतं. मुरमावर आणि भरभर चालताना खटका लावायचा, नाहीतर दवाखान्यातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं ते थरथरायला लागतं. मुळात मोठ्या चाकांची ही तीन चाकी पळणाऱ्यांसाठी निघाली. अमेरिकेत फिल बेक्लर नावाच्या एका बापाला पळायचा नाद होता, त्यानं १९८४ मध्ये लेकराच्या गाडीला सायकलची चाकं लावली. पण तीन चाकं दिसली म्हणून प्रत्येक गाडी पळायची नसते. पळायच्या गाडीला स्प्रिंग, हाताचा ब्रेक आणि मनगटात अडकवायचा पट्टा लागतो, आणि लेकरू निदान सहा-आठ महिन्यांचं, मान पक्की धरलेलं लागतं, तेही डॉक्टरांना विचारून. परभणीत बाबागाडी घेऊन पळणारा मी अजून बघितलेला नाही. माझे गुडघे तर चालायलाच कुरकुरतात.

गाडी घरी आली तेव्हा आमच्या मायनं, वय वर्षं ८६, ओट्यावरून बघितलं आणि म्हणाली, "पांगुळगाडाच की रं." खरंच की. गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाचा करून दिलेला पांगुळगाडा आमच्या घरात चार भावंडांनी वापरला, त्यालाही तीनच चाकं. फरक इतकाच की त्यात लेकरू मागं उभं राहून ढकलायचं. आता दुकानात वॉकर म्हणून जे गोल, लेकरू मधी बसवायचं मिळतं, ते मात्र घेऊ नका. त्यात लेकरू बघता बघता पायरीवरून जातं. कॅनडानं ते २००४ मध्ये बंद करून टाकलं.

बाभळीचं लाकूड चांगलं, काट्याचं काय? तेच सांगायचं होतं. तीन चाकीच्या बऱ्याच गाड्यांना हवेचे टायर असतात. हवेमुळं दणके बसत नाहीत, लेकरू मुरमावरसुद्धा झोपून राहतं. पण आपल्याकडं रस्त्याच्या कडेला सगळी वेडी बाभूळ, आणि जिथं ती नाही तिथं सराटे. गाडी आणून अकरावा दिवस. विद्यापीठातून परत येताना डावीकडं ओढ लागली. बघतो तर मागचं चाक चपटं. नातीला एका हातानं कडेवर, दुसऱ्या हातानं गाडी उचलत सायकलच्या दुकानापर्यंत आलो. त्या पोरानं पंप लावला आणि परत काढला. "काका, हा वाल तर मोटारसायकलचा हाये." तिथून पुढं मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडं. त्यानं ट्यूब काढली, थोडी फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि बोटानं सरकवत गेला. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. पुसलं, पुढं सरकवली, अजून एक माळ. टायरच्या आत बोट फिरवलं तर करंगळीच्या नखाएवढी दोन टोकं अजून रुतलेली होती. ती चिमट्यानं काढली नसती तर घरी पोचायच्या आत परत पंक्चर. ठिगळं लावली, टायर बसवला आणि त्यानं कंप्रेसरची नळी लावली. मी त्याचा हात धरला. मोटारसायकलच्या सवयीनं त्यानं दाबली असती तर एवढीशी ट्यूब फटकन फुटली असती. टायरच्या अंगावर किती हवा भरायची तो आकडा छापलेला असतो. तो वाचून, थोडी थोडी सोडत भरायची.

त्यातून मी शिकलो ते असं. हवेचा टायर घेणार असाल तर दुकानातच एक जादा ट्यूब मागून घ्या. माप टायरवर असतं, आमचं साडेबारा बाय सव्वादोन, लहान पोरांच्या बारा इंची सायकलचंच. पण बाबागाडीच्या ट्यूबचा वाल पुष्कळदा वाकडा असतो, कारण रिमात सरळ वालाला नळी लावायला जागा उरत नाही. सायकलची सरळ ट्यूब बसते, पण हवा भरता येत नाही. ही सगळी कटकट नको असेल तर भरीव फोमचे टायर घ्या. काट्याची भीती नाही, दणके मात्र थोडे जास्त बसतात. खरं सांगू का, मला आज परत घ्यायची झाली तर मी भरीवच घेईन. माझ्या मुलाला हे पटत नाही. पंक्चर काढायला तो कधी गेलेला नाही.

ब्रेक पायानं एकदा दाबला की मागची दोन्ही चाकं धरली पाहिजेत. दुकानाच्या उतारावर लावून बघा. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांच्या मधून. युरोपातल्या गाडीवर ईएन १८८८ असा आकडा असतो, तो तिथल्या बाबागाड्यांच्या सुरक्षेच्या मानकाचा. असला तर चांगलंच. जगात जर्मनी, भारतात परभणी हे म्हणायला ठीक आहे, पण पट्ट्याचं बक्कल जर्मनीचं असो की कुठलंही, मे महिन्यात उन्हात उभं राहिलं की तव्यासारखं तापतं. लेकराला बसवायच्या आधी बक्कल आणि काळं कापड आपल्या हातानं चाचपायचं. आणखी एक. ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं पांघरू नका. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. आधीच लेकरू डांबराच्या जवळ बसलेलं असतं, खालून वाफ येत असते. टप मोठा बघा, मागं जाळीची खिडकी असलेला, आणि उन्हाळ्यात आठच्या आत घरी या.

त्या पोरीसाठी वेगळं सांगतो. तान्ह्या लेकराला बसती गाडी चालत नाही. पाठ पूर्ण आडवी होत असेल तरच पहिल्या दिवसापासून वापरा, नाहीतर सहा महिने थांबा. तोवर कडेवर घ्यायला घरात माणसं असतात.

आणि तीन चाकी कुणी घेऊ नये तेही सांगतो. वरच्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही, दर पंधरा दिवसांनी लालपरीनं माहेरी जाता, तर घेऊ नका. आमची गाडी अकरा किलोची आहे. ती घेऊन एसटीच्या पायऱ्या चढून दाखवा, म्हणजे कळेल. गर्दीच्या गाडीत ती कुठं ठेवायची हे मला ३१ वर्षांच्या नोकरीनंतरही सुचत नाही. तुमच्यासाठी छत्रीसारखी मिटणारी हलकी चार चाकीच बरी. ती १९६५ मध्ये ओवेन मॅक्लॅरन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काढली. विमानाच्या चाकांचं काम केलेला, रिटायर झालेला माणूस. नातीला घेऊन लेक विमानानं आली आणि जड बाबागाडीनं वैतागली, म्हणून हा ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन बसला. हे वाचल्यापासून मला तो भारी आवडतो.

आमची नात आता अडीच वर्षांची झाली. हल्ली ती निम्मी वाट उतरून चालते आणि गाडीत माझी पाण्याची बाटली बसते. दिवाळीनंतर गाडी सेलूला धाकट्या पुतण्याकडं जाणार आहे, तेव्हा ती विकत मागू नका, तीन जणांनी मागून झालीय. डावं मागचं चाक जरा घासतं, त्याचं बेअरिंग बदलायचं राहिलंय.