चिंच, फॉइल आणि रोडकिंग

पडवीतल्या येझदी मोटारसायकलवरची ताडपत्री मी यंदा मे महिन्यात ओढून काढली, तेव्हा आधी एक पाल पळाली, मग दोन झुरळं, आणि सगळ्यात शेवटी हेडलाइट दिसला. त्याच्याभोवतीच्या रिंगवर कुणी चाळणीने नाचणीचं पीठ भुरभुरवल्यासारखे तपकिरी ठिपके. लेगगार्डची तीच गत. दोन्ही सायलेन्सरकडे तर मी बघून न बघितल्यासारखं केलं.

गाडी रोडकिंग, १९८४ची. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण मी ती त्याआधीच जुन्यात घेतली होती. एकाच दांडीने किक मारायची आणि तीच दांडी पुढे पाडून गिअर टाकायचे, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती आपल्याकडे दयेने बघतात. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, हेही त्यांना पटत नाही. मला मात्र त्या गाडीचं खरं वेड होतं ते तिच्या चकाकीचं. क्रोम नसतं तरी ती तेवढीच पळाली असती आणि तेवढंच पेट्रोल प्यायली असती. तरी रविवारी सकाळी बादली घेऊन बसायचो तो क्रोमसाठीच. इंजिन मेस्त्रीचं, चकाकी माझी, अशी वाटणीच होती. पुढे स्कूटर आली, गाडी पडवीत गेली आणि माझ्या वाट्याचं काम मी नऊ पावसाळे केलं नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने हे करू नये. आमच्याकडे दाराच्या कड्यासुद्धा गणपतीपर्यंत तांबड्या होतात.

एक गोष्ट मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. क्रोमला तसा गंज चढत नाही. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो मुळात निकेलचा थर असतो आणि त्याच्यावर क्रोमियमचा नुसता हात फिरवलेला असतो. हात म्हणजे किती? अर्धा मायक्रॉनसुद्धा नाही. डोक्यावरचा केस त्याच्या शे-दीडशे पट जाड. एवढ्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. त्यातून खारी दमट हवा आत शिरते, निकेलमध्ये जिथे छिद्र सापडेल तिथून थेट लोखंडाला भिडते आणि लोखंड आतून गंजायला लागतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. मग तो वरच्या थराला खालून ढकलतो, आधी फोड येतो, मग पापुद्रा सुटतो. म्हणजे वर दिसणारा ठिपका हे आजाराचं तोंड, आजार खाली.

हे कळायच्या आधीच मी एक घाण करून ठेवली होती. पॉलिश पेपर घेतला आणि लेगगार्डची वीतभर दांडी जोर लावून घासली. गंज गेला. त्याबरोबर क्रोमही गेलं आणि खालून निकेल वर आलं, किंचित पिवळसर, दुधात केशराची एकच काडी पडावी तसं. शेजारचं क्रोम निळसर पांढरं. ती वीतभर जागा आजही गाडीवर आहे आणि माझा उतावळेपणा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

मग कुणीतरी फॉइल सुचवली. स्वयंपाकघरातली, ॲल्युमिनियमची. तळहाताएवढा तुकडा फाडायचा, चुरगाळून बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल गोल घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही, आणि बोळ्याच्या घड्यांत गंज मात्र खरवडला जातो. घासताना बारीक चुरचुर आवाज येतो आणि राखाडी चिखल जमतो. तो फडक्याने पुसला की खालून आरसा. पहिल्यांदा तो आरसा रुपयाएवढा उघडला तेव्हा त्यात माझं नाक दिसलं, आणि मी मोठ्याने ‘अगं!’ म्हणून हाक मारली.

ती आली ती फॉइलचं रिकामं पुठ्ठ्याचं नळकांडं हातात घेऊनच. “अहो, ही मी चपात्यांसाठी आणली होती.”

पण नाक तिलाही दिसलं असावं. थोड्या वेळाने ती वाटीत चिंचेचा कोळ घेऊन आली. पितळेची समई ज्याने निघते त्याने हेही निघेल, असा तिचा हिशोब, आणि तो चूक नव्हता. आंबट पदार्थ गंज विरघळवतातच. फक्त सवयीने तिने कोळात मीठही घातलं होतं. समईला ते चालतं. क्रोमला मीठ म्हणजे पुन्हा समुद्रच. वाटी परत गेली, बिनमिठाची आली. चिंच चोळून पाच-दहा मिनिटं ठेवायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि लगेच कोरडं करायचं. आंबट अंगावर वाळू द्यायचं नाही.

सायलेन्सर मात्र ह्यातलं कशालाच दाद देईनात. म्हणून कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा एका प्लेटिंगवाल्याला विचारलं. त्याच्या एका टाकीतलं पाणी गडद तांबडं, अगदी आमच्या कोकमाच्या आगळासारखं. मी वाकून बघायला गेलो तर तो ओरडलाच. ते क्रोमिक ॲसिड, त्याची वाफही वाईट. त्याने सायलेन्सर हातात घेऊन खालीवर केला, नखाने टकटक केलं आणि कामाचा क्रम सांगितला: जुनं क्रोम उतरवायचं, बफ मारायचा, तांबं, मग निकेल, मग क्रोम. “पण बफ मारला की ह्याची जाळी होईल,” तो म्हणाला. “पत्राच राहिला नाही. आणि टू-स्ट्रोकची आतली काजळी माझ्या टाकीत नको.” स्वतःचं गिऱ्हाईक एवढ्या स्वच्छपणे परतवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

परत आलो आणि सायलेन्सरही फॉइलनेच घासले. ठिपके गेले, खड्डे राहिले. इंजिनाजवळ उष्णतेने पडलेला निळा-सोनेरी पट्टाही राहिला, तो मला आवडतो. वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. सायलेन्सर तापल्यावर ते जळणार आणि वास सुटणार हे कळत होतं, पण तोवर गाडी चालू कुठे होती?

ती चालू करायला जूनच्या पहिल्या आठवड्यात मेस्त्री आला. रिंगमध्ये त्याने केस नीट केले, “झकास” म्हणाला आणि मग सरळ उकिडवा बसून सायलेन्सरच्या पोटाखाली हात घातला. तिकडे माझा हात पोचत नव्हता आणि कुणाची नजर जाणार नाही, असा माझा समज होता. हात बाहेर आला तो चारही बोटं तांबडी.

पायरीवर पडलेला फॉइलचा एक बोळा त्याने उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

“काका, अर्ध्या चपात्या अजून भाजायच्या राहिल्यात.”