हाडं आमची, मांस तुमचं

पाचवीत नाव घालताना बाबांनी गुरुजींना सांगितलं होतं, "हाडं आमची, मांस तुमचं." गुरुजींनी शब्द पाळला. चिंचेचा ओला फोक तोडून आणायचं काम मॉनिटरकडे असे आणि मी सलग तीन वर्षं मॉनिटर होतो. फोक बारीक निघाला तर पहिला प्रयोग मॉनिटरवर.

ही आठवण मी २००७ साली अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या एका सरकारी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितली. गणित शिकवायला नुकताच तिथं गेलो होतो; वर्गातली जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय. साठीला आलेल्या एक सहकारी शिक्षिका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. (आपल्या सवयीनं मी त्यांना मनात 'बाई'च म्हणायचो.) त्यांची आजीही मार द्यायचा फोक त्यांनाच अंगणातून तोडून आणायला लावी. बारीक आणला की परत पाठवायची!

बाई शिकल्या त्या फक्त काळ्या मुलांच्या शाळेत. पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेनं वापरून टाकलेली, पहिल्या पानावर आधीच्या मुलांची नावं. पण शिक्षिका त्यांच्याच रस्त्यावर राहायची, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. वर्गातली खोडी मुलाच्या आधी घरी पोचलेली असे आणि तिथं मग दुसरा हप्ता. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं?

शिक्षणासाठी त्या लोकांनी काय सोसलं, हे मात्र मला तिथं गेल्यावर कळलं. १९४० च्या दशकात शेजारच्या क्लॅरेंडन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गोऱ्या मुलांना तीसेक बस, काळ्यांना एकही नाही. काही मुलं मैलोन्‌मैल चालत यायची. पालकांनी वर्गणी काढून जुनी बस घेतली, तर शाळा मंडळानं पेट्रोललाही पैसे दिले नाहीत. बसची तक्रार वाढत वाढत समान शाळांच्या मागणीपर्यंत गेली. १९४९ च्या अर्जावर सही करणारे हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर कामाला होते. त्यांची नोकरी गेली, मोटेलात काम करणाऱ्या त्यांच्या बायकोचीही गेली. त्यांच्या नावाचा खटला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या ब्राउन खटल्यात सामील झाला आणि १९५४ साली वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या.

तो निकाल त्या भागातल्या बऱ्याच शाळांच्या दारापर्यंत यायला १९७० उजाडलं. येताना त्यानं दक्षिणेतल्या हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या नेल्या. कित्येक मुख्याध्यापक दुय्यम जागेवर गेले. अनेक गावांत गोरी मुलं खासगी शाळांत निघून गेली. बाईंच्या मते शिस्त तिथं तुटली. "मार कमी झाला म्हणून नव्हे," त्या म्हणत, "मारणाऱ्याला पोराची आजी माहीत होती. आताचा शिक्षक तीस मैलांवरून येतो नि साडेतीनला गाडीत बसतो." मी चाळीस मैलांवरून येत होतो.

आता शिक्षा म्हणजे फॉर्म. भरायचा, ऑफिसात द्यायचा, मूल तीन दिवस घरी. २०१३-१४ साली देशभरच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं १५.५ टक्के होती. सस्पेंड झालेल्यांत मात्र सुमारे ३९ टक्के. मी भरलेले फॉर्म त्यातच कुठंतरी असणार.

बाईंचं ऐकून ऐकून मी एकदा एका तरुण आईला म्हणालो, घरी जरा धाक ठेवा. ती शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या लोकांना फोकाची ओळख कुणी करून दिली, ठाऊक आहे? कापसाच्या मळ्याच्या मालकांनी. माझ्या घरात तो येणार नाही." मला उत्तर सुचलं नाही. बाईंना सांगितलं, तर त्याही बराच वेळ नुसती कॉफी ढवळत राहिल्या.

या स्मरणिकेत बरेच जण लिहितील की गुरुजींच्या छडीनं आम्हाला घडवलं. मीही तेच लिहायला बसलो होतो. पण आठवला तो सातवी 'ब' मधला माझ्या बाकावरचा मुलगा. गृहपाठ राहिला होता की फी, आता सांगता येत नाही. त्या दिवशी त्याला मार पडला आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. आपल्या बॅचच्या यादीत त्याचं नाव सापडणार नाही. यादी दहावी पास झालेल्यांची आहे. फोक त्या दिवशी चांगला जाड होता. मीच आणलेला.