किराणा २३ हजारावरून १५ हजारावर आणताना काय काय झालं

२०२४ ची दिवाळी झाली, भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि पुढच्या रविवारी नवरा म्हणाला की अगं पगार होऊन दहा दिवस नाही झाले आणि खात्यात एवढेच कसे? मला राग आला, कारण असा प्रश्न घरात नेहमी मलाच येतो, म्हणून मी रागारागात बँकेचं स्टेटमेंट उघडून कागद-पेन घेऊन बसले. ऑक्टोबर महिन्यात नुसत्या खाण्यापिण्याच्या सामानावर २३,४०० रुपये. हॉटेल धरलेलं नाही. माणसं चार, मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. म्हटलं दिवाळी होती, फराळाचं सामान, सुकामेवा, होणारच. म्हणून सप्टेंबर काढला तर तो २१,१५०. गणपती होते हे खरं, पण मोदकांना किती तांदळाची पिठी लागते!

मग ठरवलं १५ हजार. हा आकडा कुठून आला विचाराल तर कुठूनच नाही, गोल वाटला म्हणून. किराणा ७,०००, दूध रोज दीड लिटर म्हणजे २,६०० च्या आसपास, भाजी-फळं-अंडी-चिकन ३,९०० आणि राहिलेले १,५०० वरखर्चाला. एक्सेल शीट केली, त्यात रंग भरले, बारा कॉलम केले. वीस दिवस टिकली. कोथिंबीर भाजीत टाकायची की मसाल्यात यावर माझं आणि नवऱ्याचं खरंच भांडण झालं आणि त्यानंतर ती शीट कोणी उघडली नाही. डिसेंबरात पाकिटं करून बघितली, चार पाकिटात रोख पैसे, पण आता भाजीवालीसुद्धा स्कॅनर पुढे करते, हातात फोन असतोच, पाकिट घरी राहतं. महिनाअखेर पाकिटात पैसे शिल्लक आणि खात्यात नाहीत अशी गंमत झाली. डिसेंबर १९ हजार नऊशे.

खरी सुरुवात झाली ती सासूबाईंच्या एका प्रश्नाने. मी शीटचं रडगाणं गात होते तर त्या म्हणाल्या, "ते राहू दे, मला सांग आपल्याला महिन्याला तूरडाळ किती लागते?" मी म्हटलं तीन किलो. "तीन आणतेस, लागते किती?" मला खरंच माहीत नव्हतं. सासरे एसटीत होते, कराडला, पगार सात तारखेला, आणि त्या पगारात पाच माणसांचं घर चालवलेली बाई ती, त्यांना अजून पाठ आहे की तेव्हा साखर किती, गूळ किती, चहापत्ती किती. रुपये आठवत नाहीत त्यांना, किलो आठवतात. म्हणाल्या, रुपये वाण्याच्या हातात असतात गं, किलो आपल्या.

आता आमची यादी म्हणजे काय होती ते सांगते, हसू नका. लॉकडाऊनमध्ये वाण्याला व्हॉट्सॅपवर पाठवलेला मेसेज, तोच मी दर महिन्याला फॉरवर्ड करत होते. २०२० चा! तेव्हा सगळे घरात, तीन वेळा खाणं, नवरा डाळ-भात मागायचा दुपारी, त्या हिशोबाची यादी. आता नवरा ऑफिसात कॅन्टीनला जेवतो, मुलगा शाळेत, पण तूरडाळ तीन किलो, छोले एक किलो, राजमा एक किलो चालूच. फडताळ आवरलं तेव्हा छोल्यांची अडीच किलोची पिशवी निघाली, आणि मार्टमधून एकावर एक फ्री म्हणून उचललेला रवा, दोन्ही पिशव्यांना जाळी धरलेली. टाकून दिला. फ्री वाला पण आणि विकतचा पण.

मग मुलाच्या प्रोजेक्टचा पांढरा कागदी टेप घेतला, प्रत्येक डब्यावर एक तुकडा चिकटवला आणि सामान भरलं की त्यावर तारीख आणि वजन लिहायचं, संपलं की दुसरी तारीख. बस. पहिले पंधरा दिवस सगळे विसरायचे, मीच विसरायचे, पण सासूबाई नाही विसरल्या, त्यांना तर खेळच मिळाला. जानेवारी ते मार्च असं तीन महिने केलं आणि मग कळलं, तूरडाळ दोन किलोला थोडी वर, मूगडाळ एक, साखर तीन (ही मी दोन समजत होते, चहा!), चहापत्ती पाऊण किलो, पोहे दीड, रवा एक सुद्धा नाही, शेंगदाणे दोन किलो. शेंगदाण्याने मी चाट पडले. पण प्रत्येक भाजीत कूट, खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, तर दोन किलो जाणारच.

तेलाची गोष्ट वेगळीच. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या खाद्यतेलावर मूळ शुल्क शून्याचं थेट २० टक्के, आणि सूर्यफुलाची पिशवी बघता बघता वीसेक रुपयांनी वर गेली, ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्याचा धसका घेऊन मी जानेवारीत हुशारी केली, अख्खा डबाच आणला. दुकानात दोन डबे शेजारी शेजारी, एक स्वस्त एक महाग, मी अर्थात स्वस्त उचलला. घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं, १५ लिटर. महागवाला होता १५ किलो. आता तेलाचा एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम, म्हणजे माझ्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या जरा वर, आणि किलोचा भाव काढला तर वाचले किती, डब्यामागे चाळीस रुपये. दुकानदाराने काही फसवलं नाही, डब्यावर स्वच्छ छापलेलं होतं, मीच वाचलं नाही. आणि पुढचं ऐका. आमचं तेल तोपर्यंत महिन्याला चारेक लिटर, म्हणजे डबा मार्चअखेर पार करून एप्रिलात जायला हवा होता. तो मार्चच्या सात तारखेलाच संपला. टेपवर तारीख आहे. घरात डबा असला की हात सुटतो, रविवारी भजी, मधेच साबुदाणवडे, नवऱ्याने एकदा स्वतःहून पुऱ्या सुचवल्या. तेव्हापासून आम्ही एक-एक लिटरच्या पिशव्या आणतो, चारच, आणि शेवटची पिशवी कापली की मी मोठ्याने जाहीर करते. सासूबाईंच्या बीपीच्या डॉक्टरांनी माणशी अर्धा लिटर सांगितलंय, तिथे आम्ही अजून पोचलो नाही, सध्या साडेतीनवर आलोय.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपचं तर मला बोलायलाच लाज वाटते. ऑक्टोबरच्या त्या स्टेटमेंटमध्ये एकतीस ऑर्डरी होत्या, महिन्याचे दिवस एकतीस! एक ऑर्डर मला आठवतेय, संध्याकाळी कोथिंबीर हवी होती, एक जुडी. पण कमी रकमेच्या ऑर्डरला वेगळा चार्ज, डिलिव्हरी वेगळी, हाताळणीचे म्हणून अजून काहीतरी, मग तो चार्ज वाचवायला मी चिप्स टाकले, दही टाकलं, मुलाने कुकीज टाकल्या, बिल २१४. कोथिंबीर त्यात १९ ची. घराखाली पन्नास पावलांवर भाजीवाली बसते. ॲप दोघांच्या फोनमधून काढलं आणि फ्रिजवर कागद लावला, संपलं की लिहायचं आणि शनिवारी एकदाच आणायचं. मधे काहीही आणायचं नाही, दूध आणि औषध सोडून. गुरुवारी जिरं संपलं तर शनिवारपर्यंत मोहरीवर फोडणी. पहिल्यांदा नवऱ्याला हे फार जाचक वाटलं पण खरं सांगू का, निम्म्या गोष्टी शनिवारपर्यंत कागदावर नकोशाच वाटायला लागतात. फक्त "येताना काय आणू?" हा त्याचा फोन अजून बंद झालेला नाही, मी नुसतं म्हणायचं काही नको, तरी येताना फरसाण येतंच. ते वरखर्चात.

मार्ट सोडून परत वाण्याकडे आलो हेही झालं. मार्टमध्ये काही गोष्टी स्वस्त असतात यात वाद नाही, साबण, डिटर्जंट वगैरे, पण तिथे मी तीन हजाराचं आणायला जाते आणि पाच हजार दोनशेचं घेऊन येते, त्यात एक बादली असते. वाण्याकडे यादी दिली की यादीतलंच येतं. शिवाय आमच्याकडचा वाणी डाळी-तांदूळ सुट्टे देतो, आणि सुट्ट्या डाळीला जीएसटी नाही, छापील पिशवीतल्या डाळीला २०२२ च्या जुलैपासून ५ टक्के आहे, हे मला वाणीकाकांनीच सांगितलं. "ताई, पिशवीवर नाव छापलं की सरकार आलं." न फोडलेलं सामान परतही घेतात ते. त्या छोल्यांचं मात्र नाही म्हणाले.

भाजीत मला फारसं वाचवता आलं नाही. त्या थंडीत लसूण ४०० रुपये किलो झाला होता, तेव्हा पाव किलोऐवजी शंभर ग्रॅम आणून महिना काढला आणि लसणाची चटणी बंद ठेवली, पण सगळ्याच गोष्टी अशा जमत नाहीत. आठवडी बाजारात रात्री आठनंतर जायचं, उरलेल्याचे वाटे लावतात, एवढीच माझी युक्ती. चवळई-राजगिरा मात्र त्या वेळी घेऊ नये, मान टाकलेली असते.

एप्रिल पहिल्यांदा १५,४०० ला थांबला आणि मी नवऱ्याला आइस्क्रीम दिलं. मे १९,८००. कारण मे म्हणजे साठवण. लोकवन गहू क्विंटलभर, ब्याडगी आणि थोडी संकेश्वरी मिरची, हळकुंडं, खडा मसाला, कांडप, आणि त्यातच नणंद दोन मुलांना घेऊन बारा दिवस. आंबे! मला वाटलं गेलं सगळं मुसळ केरात. पण सासूबाई म्हणाल्या की हा मे महिन्याचा खर्च नाहीच, हा बारा महिन्यांचा आहे, तू तो एका महिन्यावर कसला टाकतेस. बरोबर होतं. आता दर महिन्याला ६०० रुपये साठवणीचे म्हणून बाजूला काढतो आणि किराणा ६,४०० मध्ये बसवतो, पुढच्या मेपर्यंत बऱ्यापैकी जमतील. पाहुण्यांचं मात्र कुठल्याच कॉलममध्ये बसवायचं नाही असं मीच ठरवलं. नणंद आली की बजेट बंद, मोजायचं नाही, नाहीतर माणूस चपात्या मोजायला लागतो.

श्रावणावर माझा फार भरवसा होता. महिनाभर चिकन नाही, अंडी नाहीत, म्हणजे सात-आठशे तरी वाचतील. कसलं काय. आधी गटारीला श्रावणाचं सगळं चिकन आगाऊ खाऊन झालं, आणि मग सोमवार, शनिवार, एकादशी, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, बटाटे, खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते टेपवर लिहिलेलं आहे आमच्याकडे, शेंगदाणे त्या महिन्यात तीन किलो. श्रावण जुलैपेक्षा २६० रुपयांनी महाग पडला.

तूरडाळ मात्र २०२५ मध्ये चांगलीच उतरली, २०२४ मध्ये १७०-१८० ने घेतलेली आठवतेय. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला, तूप-लोणी १२ वरून ५ वर, साबण, पेस्ट, शॅम्पू, बिस्किटं १८ वरून ५ वर. त्या दिवाळीच्या यादीत तुपाला त्याचा फरक जाणवला. पण मी माझ्या मनाला ओळखते, स्वस्त झालं म्हणून तुपाचा डबा मोठा आणला असता, म्हणून टेप बघितला, महिन्याला पाऊण किलो, तेवढंच आणलं. दिवाळीचा महिना १७,१०० ला बसला, फराळासकट. नोव्हेंबर १५,३५०. पंधरा अजून एकदाही झालेले नाहीत, तो गोल आकडा मी सोडून दिलाय.

सध्या घरात वाद तांदळाचा आहे. मावळातला नवा इंद्रायणी आलाय, ओळखीतले एक जण २५ किलोचं पोतं घरपोच देतात, भाव चांगला आहे. मी म्हणतेय घेऊन टाकू, टेपनुसार आम्हाला महिन्याला साडेपाच किलो लागतो, साडेचार महिने निघतील. सासूबाई म्हणतायत नवा तांदूळ चिकट होतो, जुना होऊ दे, आणि पोतं आलं की तू रोज भात लावशील, तेलाचा डबा आठव. यादीत तांदळापुढे जागा अजून रिकामीच आहे.