फ्रेशरचा अर्ज नेमका कुठे अडतो?

‘इतके अर्ज टाकले, पण काहीच होत नाही’ असं म्हणणाऱ्या इंजिनिअरिंगच्या फ्रेशरला आधी एकच विचारावं: काहीच म्हणजे नेमकं काय? फोनच येत नाही, की ऑनलाइन टेस्टमध्ये नाव गळतं, की मुलाखत होऊन नकार येतो? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. रेझ्युमे कोणी उघडतच नसताना रात्र रात्र लीटकोडवरची (कोडिंगच्या सरावाची वेबसाइट) कोडी सोडवणं काय आणि मुलाखतीत तोंड उघडत नसताना रेझ्युमेचा फॉन्ट बदलत बसणं काय, दोन्ही सारखंच वाया.

म्हणून पहिल्या अर्जापासून एक साधी एक्सेल शीट ठेवा. तारीख, कंपनी, पद, जाहिरात कुठे दिसली, रेझ्युमेची कोणती आवृत्ती पाठवली, थेट अर्ज की रेफरल (कंपनीतल्या ओळखीच्याने पुढे केलेलं नाव), आणि गाडी कुठपर्यंत गेली, एवढे रकाने पुरतात. जाहिरातीचा मजकूरही कॉपी करून ठेवा. मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत ती जाहिरात बहुधा काढून टाकलेली असते, आणि मग कंपनीला काय हवं होतं तेच आठवत नाही. पन्नासेक अर्जांनंतर एकही फोन नसेल तर रेझ्युमे तरी चुकतोय किंवा पदांची निवड तरी. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

आधी रेझ्युमे. एटीएस, म्हणजे अर्ज गोळा करून चाळणाऱ्या सॉफ्टवेअर, नावाच्या बागुलबुवाबद्दल बरंच काही सांगितलं जातं. प्रत्यक्षात अर्ज आपोआप बाद होतो तो बहुतेकदा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे: पदवीचं वर्ष, काम करण्याची परवानगी, किती वर्षांचा अनुभव. तिथे घाईत चुकीचा पर्याय निवडला की रेझ्युमे कितीही चांगला असो, माणसापर्यंत पोचतच नाही. दुसरी अडचण पार्सिंगची, म्हणजे सॉफ्टवेअरने रेझ्युमेतला मजकूर वाचून रकान्यांत टाकण्याची, आणि ती दोन मिनिटांत तपासता येते. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन कॉलमचा साचा असेल तर डावीकडची स्किल्स उजवीकडच्या प्रोजेक्टच्या वाक्यात घुसलेली दिसू शकतात. हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर काही पार्सर वाचतच नाहीत. लाटेकमध्ये (कोड लिहून कागदपत्र तयार करण्याचं सॉफ्टवेअर) इंग्रजी एफ आणि आय ही अक्षरं जोडून एकच चिन्ह तयार होतं. पेस्ट करताना ते गळालं तर शब्द मोडतो आणि शोधात सापडत नाही. एक कॉलम, एक पान, साधी शीर्षकं. कौशल्यांपुढच्या त्या पट्ट्या आणि तारे काढून टाका. ‘जावा पाचपैकी चार’ याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही.

खरी मेख प्रोजेक्टच्या ओळीत असते. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम बनवली, पायथन, जँगो, मायएसक्यूएल वापरलं.’ यात खोटं काही नाही, पण असे प्रोजेक्ट ढिगाने येतात. आता हीच ओळ अशी वाचा: ‘पुस्तकाची एकच प्रत एकाच वेळी दोघांच्या नावे चढू नये म्हणून ट्रान्झॅक्शनमध्ये रो लॉक वापरला आणि दोन समांतर विनंत्यांची टेस्ट लिहिली.’ (रो लॉक म्हणजे काम होईपर्यंत डेटाबेसमधली ती ओळ दुसऱ्याला बदलू न देणं.) प्रोजेक्ट तोच, पण वाचणाऱ्याला आता विचारायला काहीतरी मिळालं. तो विचारणारच: लॉकच का, युनिक कन्स्ट्रेंट (एकच नोंद दोनदा होऊ न देणारा नियम) का नाही? उत्तराची तयारी तितकीच खोल हवी. उदाहरणार्थ, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधलं, ओळीला लॉक लावणारं सिलेक्ट-फॉर-अपडेट एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या छोट्या डेटाबेसवर काहीच परिणाम करत नाही, त्यामुळे घरच्या एसक्यूलाइटवर ‘तपासलेला’ लॉक प्रत्यक्षात तपासलेलाच नसतो. शिवाय जँगोचा नेहमीचा टेस्टकेस प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो, म्हणून समांतर व्यवहार तपासायला ट्रान्झॅक्शन-टेस्टकेस लागतो. एवढं ज्याला सांगता येतं त्याने प्रोजेक्ट स्वतः केलाय याबद्दल शंका राहत नाही. असा एक प्रोजेक्ट ट्युटोरियल बघून केलेल्या सहांपेक्षा भारी पडतो.

आकडे टाकायचे तर मोजलेलेच टाका. ‘वेग ४० टक्क्यांनी वाढवला’ लिहिलंत की पुढचा प्रश्न ठरलेला: कशाच्या तुलनेत, किती डेटावर, कसं मोजलंत? उत्तर नसेल तर त्या आकड्याने आधीची सगळी विश्वासार्हता जाते.

गिटहबची (कोड ठेवण्याची आणि दाखवण्याची वेबसाइट) लिंक देण्याआधी एक काम करा. दुसऱ्या मशीनवर, निदान कोऱ्या फोल्डरमध्ये, रेपो क्लोन करा, म्हणजे प्रोजेक्टची नवी प्रत उतरवा, आणि फक्त रीडमी (सूचनांची फाइल) वाचत चालवून बघा. इथे हमखास अडतं. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आवृत्त्या नसतात, डेटाबेस कसा तयार करायचा ते लिहिलेलं नसतं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची यादी नसते. नमुन्याची एन्व्ह फाइल ठेवा, पासवर्ड आणि गुप्त की असलेली खरी नको. खरी चुकून कमिट झाली असेल तर फाइल डिलीट करून भागत नाही. ती गिटच्या इतिहासात राहते. त्यातली गुप्त की रद्द करून नवी घ्यायची, हाच उपाय. मोफत होस्टिंगवरचं ॲप वापर नसला की झोपी जातं आणि जागं व्हायला काही वेळा मिनिटभर घेतं. एवढा वेळ कोणी थांबत नाही, म्हणून रीडमीच्या वरच्या भागात दोन स्क्रीनशॉट असू द्या. आणि सगळा प्रोजेक्ट ‘फायनल’ नावाच्या एकाच कमिटमध्ये असेल तर तो कुठूनतरी उचलल्यासारखाच दिसतो.

पदं शोधताना ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ एवढ्यावर थांबू नका. असोसिएट इंजिनिअर, ग्रॅज्युएट ट्रेनी, सॉफ्टवेअर इंजिनिअर वन, क्यूए ऑटोमेशन, ॲप्लिकेशन सपोर्ट, बिल्ड आणि रिलीज, इम्प्लिमेंटेशन इंजिनिअर असे वेगवेगळे शब्द टाकून बघा. टेस्टिंग आणि सपोर्टकडे नाक मुरडणारे बरेच आहेत, म्हणून तिथली रांग तुलनेने छोटी असते. मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी: रोजच्या कामात कोड किंवा स्क्रिप्ट लिहावी लागते का? नुसती तिकिटं इकडून तिकडे सरकवायची असतील तर दोन वर्षांनी पुन्हा फ्रेशरच्याच रांगेत उभं राहावं लागेल. ‘एंट्री लेव्हल’ म्हणून दोन-तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती सगळीकडे आहेत. ती बहुतेक वेळा इच्छायादी असते. मुख्य भाषा आणि कामाचं स्वरूप जुळत असेल तर अर्ज करा. पाच-सात वर्षं मागितली असतील तर सोडून द्या. मोठ्या कंपन्यांची नवपदवीधरांची भरती पदवी हातात येण्याच्या कित्येक महिने आधी उघडते, हे मात्र अनेकांना उशिरा कळतं. जाहिरात ताजी असताना, पहिल्या दोन-तीन दिवसांत अर्ज गेलेला बरा. शिवाय जॉब पोर्टलवर ती दिसली तरी कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवर जाऊन ती अजून उघडी आहे का ते बघा आणि तिथूनच अर्ज भरा.

रेफरल म्हणजे वशिला नव्हे. रेझ्युमे कोणीतरी उघडण्याची शक्यता वाढते, एवढंच. पुष्कळ कंपन्यांच्या सिस्टिममध्ये आधी थेट अर्ज केला की नंतर रेफरल लागत नाही, म्हणून क्रम सांभाळा. मेसेज पाच ओळींचा: तुम्ही कोण, पदाचा आयडी आणि लिंक, त्या पदाशी जुळणारी तुमची एक ठोस गोष्ट, सोबत रेझ्युमे, आणि ‘शक्य नसेल तरी हरकत नाही’. नुसतं ‘सर, काही व्हेकन्सी आहे का?’ असं विचारलं तर शोधाशोधीचं काम तुम्ही समोरच्यावर टाकता, आणि उत्तर येत नाही.

हॅकररँक किंवा कोडसिग्नलवरच्या टेस्टमध्ये मुलं अल्गोरिदम न येण्याने जितकी अडकतात, तितकीच प्रश्नातल्या मर्यादा न वाचल्याने. इनपुट एक लाखापर्यंत आहे असं दिलं असेल तर तोच इशारा असतो. लूपमध्ये लूप लावला तर एक हजार कोटी पायऱ्या होतात. सी प्लस प्लससुद्धा ढोबळमानाने सेकंदाला दहा कोटी साध्या क्रियांच्या आसपास जातं, पायथन त्याहून बरंच मागे. म्हणजे बेरीज जुळणारी जोडी शोधायची असेल तर हॅश मॅप (आधी पाहिलेली संख्या लगेच शोधून देणारी रचना) हवा, किंवा सॉर्ट करून दोन टोकांकडून सरकणारे दोन पॉइंटर. सॉर्टिंगला सतरा-अठरा लाख तुलना पुरतात. मग छुपे टेस्ट केस: रिकामी यादी, एकच घटक, सगळे सारखे, ऋण संख्या. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. लाख गुणिले लाख केलं की उत्तर गुपचूप चुकतं. लॉजिक बरोबर असूनही वेळ संपत असेल तर इनपुट वाचण्याची पद्धत बघा. जावात स्कॅनरऐवजी बफर्ड रीडर वापरला की तेवढ्यानेच काम होऊन जातं काही वेळा.

एसक्यूएलकडे (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) दुर्लक्ष करू नका. एक सापळा तर ठरलेलाच: डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा लेफ्ट जॉइन लावायचा आणि उजव्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये लिहायची. जुळणी नसलेल्या ओळींत तिथे नल असतं, अट खरी ठरत नाही, त्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) होऊन बसतो. अट ऑनमध्ये हवी.

मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची गिटहब म्हणजे चार-पाच पानांची पीडीएफ. रंगीत स्ट्रेस प्लॉट सगळेच चिकटवतात. त्याशेजारी हाताने केलेलं गणित, बाउंडरी कंडिशन्स (भाग कुठे धरला, भार कुठे लावला) आणि मेश, म्हणजे गणितासाठी केलेले तुकडे, बारीक केल्यावर उत्तर किती बदललं ते लिहिलंत तर मुलाखत त्याच पानावर रंगते. ड्रॉइंगवर सगळीकडे अतिकडक टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) टाकू नका. ‘हा पार्ट बनवायचा कसा, मोजायचा कसा?’ असं विचारलं की पंचाईत होते. एम्बेडेडमध्ये (उपकरणात बसवलेल्या छोट्या कंप्युटरचं काम) स्वतः बनवलेल्या बोर्डाचा फोटो, स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा) आणि पहिल्यांदा करंट दिल्यावर काय चाललं नाही ते द्या. आयटूसीला (चिप्स जोडणारी दोन तारांची बस) पुल-अप रेझिस्टर नसल्यामुळे बस गप्प राहणं, इंटरप्टमध्ये बदलणारा व्हेरिएबल व्होलाटाइल (दरवेळी मेमरीतूनच वाचला जाणारा) न केल्यामुळे ऑप्टिमायझेशन चालू करताच लूप अडकणं, अशा गोष्टी सांगता आल्या पाहिजेत.

मुलाखतीत कोड लिहायला लगेच धावू नका. इनपुट किती मोठं, डुप्लिकेट येतील का, काहीच सापडलं नाही तर काय परत करायचं, हे विचारा. मग साधा उपाय सांगा, तो कुठे कमी पडतो ते सांगा, आणि हात चालवताना तोंडही चालू ठेवा. गप्प बसून बरोबर उत्तर काढणाऱ्यापेक्षा बोलत बोलत जवळपास उत्तरापर्यंत पोचणारा बऱ्याचदा पुढे जातो, कारण हिंट द्यायला जागा मिळते. ‘माहीत नाही’ म्हणायला हरकत नाही. लगेच पुढे ‘पण मी असं तपासेन’ हे हवं. याचा सराव मनातल्या मनात होत नाही. मित्राला समोर बसवा, नाहीतर फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकवत नाही, पण उपयोग होतो.

नोकरी देण्यासाठी कोणत्याही नावाखाली पैसे मागितले, मग ते प्रशिक्षण असो, लॅपटॉपचं डिपॉझिट असो की कागदपत्रांची फी, तर तिथेच थांबा. मुलाखत न घेता चॅटवर आलेलं ऑफर लेटर आणि कंपनीच्या डोमेनऐवजी फुकटच्या ईमेल पत्त्यावरून आलेला मेलही त्याच पंक्तीतले. खरी ऑफर आली तर सही करण्याआधी टीम कोणती, कोड रिव्ह्यू होतो का, आणि पहिले तीन महिने शंका कोणाला विचारायच्या, हे विचारा. लेखी ऑफर हातात येऊन रुजू होण्याची तारीख पक्की होईपर्यंत बाकीच्या मुलाखती रद्द करू नका. तोंडी ‘सिलेक्ट झालात’ म्हटल्यानंतरही भरती थांबल्याचं कळतं, आणि तेव्हा शीटमधले उरलेले अर्ज निदान चालू तरी असतात.